बीटल्सच्या कार्टून कॅसेटा : काम कुठवर आलं?

बीटल्स या ब्रिटिश पॉप ग्रुपवरची 'द बीटल्स' ही कार्टून मालिका अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 25 सप्टेंबर 1965 ला सुरू झाली. एकूण 39 भाग : पहिल्या वर्षी 26, मग 7, मग 6. प्रत्येक भागात गाण्यांच्या नावाच्या दोन गोष्टी आणि मध्ये प्रेक्षकांनी सोबत गाण्याचा तुकडा. गाणी खऱ्या बीटल्सची, बोलणं मात्र दोन नटांचं. जॉन आणि जॉर्जला पॉल फ्रीज, पॉल आणि रिंगोला लान्स पर्सिव्हल. रँकिन-बास कंपनीच्या 'जॅक्सन फाइव्ह' या दुसऱ्या पॉप ग्रुपच्या कार्टूनची (1971) डिस्क 2013 मध्ये आली, त्यामुळे त्या मालिकेची घाई नाही. बीटल्सची अधिकृत डिस्क आजवर निघालेली नाही, म्हणून आधी अमेरिकेत टीव्हीवरून भरलेल्या या व्हीएचएस कॅसेटा आम्ही संगणकावर उतरवून दुरुस्त करतो आहोत.

कॅसेट लावण्याआधी. कोकणात किंवा मुंबईत दोन-चार पावसाळे काढलेली कॅसेट असेल तर कॅसेटवरच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली की ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका, नाहीतर टेप वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. निरोगी कॅसेटसुद्धा एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्यावी, म्हणजे ताण सारखा होतो. हेड पुसायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामडं. चामडं स्थिर धरून हेड बसवलेला ड्रम हाताने आडवा फिरवायचा. उभं घासलंत तर हेडचं टोक तुटतं, आणि मग व्हीसीआर भंगारात.

इथल्या व्हीसीआरची खोड. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर 'एनटीएससी प्लेबॅक' लिहिलेलं असतं. त्यातून शुद्ध एनटीएससी, म्हणजे अमेरिकेची टीव्ही पद्धत, बाहेर पडत नाही. 525 ओळी आणि सेकंदाला 60 फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) तेच राहतात, रंग मात्र पालच्या, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या, 4.43 मेगाहर्ट्झवर जातो. कॅप्चर डबी (व्हीसीआरचा सिग्नल संगणकात घेणारी) 'एनटीएससी'वर असेल तर चित्र काळंपांढरं येतं, 'पाल'वर असेल तर वरखाली लोळतं. डबीत 'पाल-60' किंवा 'एनटीएससी 4.43' हा पर्याय शोधा. तो नसेल तर खरा मल्टीसिस्टीम व्हीसीआर मिळवण्यावाचून इलाज नाही. सॉफ्टवेअरमध्ये रंग मागाहून आणता येत नाही.

संगणकात भरताना चित्र 720×480, रंग 4:2:2, आणि दर्जा न गमावता दाबणारा हफवायूव्ही कोडेक; तासाला साधारण 30-35 जीबी धरा. व्हर्च्युअलडब या कॅप्चर सॉफ्टवेअरमधले 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' हे दोन आकडे शून्य राहिले पाहिजेत. स्वस्त डबीत टाइमबेस करेक्टर (सिग्नलची डळमळती वेळ सरळ करणारा भाग) नसतो, म्हणून कॅसेट जरा थरथरली की फ्रेम गळते. मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडून त्यातून सिग्नल नेला की बराच फरक पडतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, व्हिडिओ जवळपास 30 चा. टेलिसिनेमध्ये, म्हणजे फिल्म व्हिडिओवर उतरवताना, फिल्मच्या चार फ्रेम पाच व्हिडिओ फ्रेममध्ये पसरतात आणि त्यातल्या दोन दातेरी दिसतात. एविसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये टीएफएम हा फिल्टर लावला की फील्ड जुळतात. मग टीडेसिमेट या दुसऱ्या फिल्टरने पाचातली एक काढायची. माणसांच्या चित्रपटात एवढ्यावर भागतं. या कार्टूनमध्ये मात्र बहुतेक चित्रं दोन-दोन फ्रेम धरलेली. फील्ड जुळल्यावर पाच फ्रेममध्ये पहिलं चित्र तीनदा आणि दुसरं दोनदा येतं (किंवा उलट), म्हणजे सारख्या फ्रेमच्या जोड्या एकाहून जास्त. टीडेसिमेटचा नेहमीचा मोड 0 सर्वांत सारखी फ्रेम काढतो, आणि सारखी कोणती हे इथे कॅसेटची खरखर ठरवते. चुकीची निघाली की 2-2 ऐवजी 3-1 अशी चाल उरते. रिंगोचा हात ढोलावर पडताना अडखळतो, पण फ्रेमची संख्या बरोबरच असते, म्हणून आकड्यांत काहीच सापडत नाही.

मोड=1 ठेवा. तो सारख्या फ्रेमची सगळ्यात लांब रांग शोधून तिच्यातली एक काढतो. जाहिरातींसाठी टेपवरच काप मारलेला असेल तिथे पाचाची लय तुटते. असे तुकडे वेगळे करून स्वतंत्र चालवणं सोपं पडतं. फील्डचा क्रमही आधी तपासा : फील्ड सुटे केल्यावर पात्र पुढे-मागे उडत असेल तर क्रम उलटा आहे.

गाणं हीच फूटपट्टी. पॉप ग्रुपच्या कार्टूनचा हा फायदा दुसऱ्या कार्टूनला नाही : वेग तपासायला मूळ रेकॉर्ड हाताशी असते. सीडीवर साधारण मिनिटभराच्या अंतरावरचे ढोलाचे दोन ठोके निवडा आणि तेच ठोके ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅसेटच्या आवाजात मोजा. सीडीवर 60 सेकंद असतील तर सेकंदाला 23.976 फ्रेमला (टीव्हीसाठी 24 चा किंचित मंदावलेला वेग) 60.06 आले पाहिजेत. 57.6 आले तर प्रत कधीतरी पालमधून, म्हणजे 25 फ्रेमने, गेलेली आहे. काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे पाऊण वाट चढलेलं ऐकू येतं. आकडा गाण्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा येत असेल तर दोष व्हीसीआरच्या किंवा मूळ रेकॉर्डिंगच्या वेगात; तो एका गुणकाने सुटत नाही.

तुलना मात्र मोनोशी करा. बीटल्सच्या मोनो आणि स्टीरिओ मिक्समध्ये कधी वेगच वेगळा असतो. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत सरळसरळ वेगवान आणि वरच्या पट्टीत आहे. ते या मालिकेत नाही, पण सवय लावून घ्यायला चांगलं उदाहरण.

काही जण गाण्याच्या जागी सीडीचा स्टीरिओ चिकटवतात. आमचा त्याला विरोध आहे. गाण्यावर धडपडीचे आणि बोलण्याचे आवाज चढवलेले असतात, ते सगळे जातात. शिवाय गाणं सुरू होताच खोलीच बदलल्यासारखं वाटतं. फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाची (ऑप्टिकल ट्रॅकची) वरची धार मुळातच कमी असते. खरखर थोडी उतरवावी आणि तिथेच थांबावं.

पहिल्या वर्षाच्या कॅसेटांची फील्ड जुळणी झाली आहे. रंग अजून बाकी : रंग आणि उजेड एकाच तारेतून नेणाऱ्या कंपोझिट जोडणीमुळे काळ्या रेघांच्या कडेने ठिपके सरकतात, आणि ते फील्ड जुळवण्याआधीच काढावे लागतात, म्हणून काही भाग मूळ कॅप्चरपासून पुन्हा चालवायचे आहेत. मूळ कॅप्चर पुसू नका.