घाटाच्या अलीकडे की पलीकडे?

पावसाळ्यात फिरायला निघालेला माणूस एका दमात दोन गोष्टी मागतो. डोंगर हिरवेगार हवेत, धबधबे भरून वाहायला हवेत, आणि पाऊस मात्र आपण खोलीवर पोचून कपडे बदलल्यावर पडावा. शिवाय रस्ता मोकळा, भजी गरम आणि समोरची दरी लख्ख दिसणारी. असा दिवस सह्याद्रीत येतो, नाही असं नाही. पण तो बहुधा मंगळवारी येतो आणि रजा शनिवार-रविवारची असते.

माझं माहेर वाईचं आणि सासर चिपळूणचं. घाटाच्या दोन्ही अंगांना आपली माणसं, त्यामुळे नात्यागोत्यात पावसाची चौकशी माझ्याकडेच होते. मे महिन्यातच फोन सुरू होतात. "वहिनी, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आलीय, महाबळेश्वर कसं राहील?" मी उलट विचारते, "महाबळेश्वर म्हणजे नक्की कुठे उतरणार?" त्यांना वाटतं, वहिनी उगाच फाटे फोडतात.

पण खरी मेख तिथेच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर पाचगणी, तिथे त्याच्या निम्म्याहून कमी. पसरणी घाट उतरून वाईत आलं की आकडा सातशे-आठशेच्या घरात. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सरळ कड्यावर येऊन थडकतात, वर चढता चढता थंड होतात आणि अंगावरचं बहुतेक ओझं माथ्यावरच उतरवतात. पलीकडे पोचतो तो नुसता वारा. जुलैतल्या एखाद्या दुपारी आईला फोन करावा, तर ती म्हणते, "ऊन पडलंय गं, गोधड्या टाकल्यात गच्चीवर." लगेच सासूबाईंना लावावा, तर त्यांच्याकडे मिठाचं पाणी झालेलं असतं आणि काड्यापेटी तांदळाच्या डब्यात मुक्कामाला गेलेली असते. दोघींमध्ये एक डोंगर, बाकी काही नाही.

म्हणून पावसाळी सहलीचं ठरवताना "कधी?" हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवते. आधी "कुठल्या अंगाला?" राहायचं पूर्वेकडे आणि पाऊस बघायला माथ्यावर जाऊन यायचं, हा माझा साधा हिशेब. पाचगणीत किंवा त्याच्याही खाली मुक्काम केला की निदान चादरी कोरड्या मिळतात. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर चादर हा फार मोठा मुद्दा आहे. दरीकाठच्या खोलीचं जास्तीचं भाडं देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. खिडकीबाहेर चार दिवस पांढरं धुकं आणि आतल्या भिंतींना ओल. एका हॉटेलवाल्याला मी फोनवर विचारलं होतं, खोलीतून दरी दिसते का? तो म्हणाला, "मॅडम, धुकं आहे. पण धुकं एक नंबर आहे." खोटं तरी बोलला नाही.

हवामान खात्यालाही ही गोष्ट पटलेली दिसते. पूर्वी इशारा असायचा तो अख्ख्या जिल्ह्याला. आता सातारा जिल्हा म्हणजे एका टोकाला महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघणारे माण-खटाव. त्या सगळ्याला मिळून एकच रंग दिला, तर दहिवडीचा माणूस आकाशाकडे बघून हसणारच. हल्ली पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट असे वेगळे इशारे येतात. मोबाइलवर नारिंगी रंग दिसला की आधी तो घाटाचा आहे की खालच्या सपाटीचा, एवढं बघावं. आणि घाट लाल असेल तर गुपचूप घरी बसावं. २०२१ च्या जुलैत, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळी खाली वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ पोटात घेतली. दरडींनी त्या दोन दिवसांत गावं गाडली. तेव्हापासून "अहो, गाडी आहे ना आपली" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नुसतं "नको" म्हणते.

तारखांचं म्हणाल, तर सासूबाईंचा भरवसा पंचांगावर. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला, मग पुनर्वसू, पुष्य अशी नक्षत्रं दर पंधरवड्याला बदलतात आणि प्रत्येकाला एक वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आला की हात आखडता. घोडा असेल तर डोंगराळ भागात पाऊस! वाहन घोडा निघालं की सासूबाई मला मुद्दाम कळवतात, "तुझ्या पाहुण्यांना सांग गो, घोडा आलाय." घोडा दर वेळी खरा ठरतो असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्या पंचांगवाल्यांनी बरोबर धरलीय. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून इंग्रजी तारखांना ती दरवर्षी जवळपास तिथेच येतात. आपले सणवार चालतात चंद्रावर. लोक रजा मागतात सणाला जोडून आणि वाट बघतात पावसाची. दोघांचं जमेलच असं नाही. २०२३ साली अधिक महिना श्रावणातच आला, म्हणजे कागदोपत्री दोन-दोन श्रावण. "यंदा दोन महिने ऊन-पावसाचा खेळ" म्हणून कितीतरी जणांनी बेत केले. आणि देशासाठी तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला.

पावसाच्या आगमनाचं तर विचारूच नका. मुंबईत तो ठरल्याप्रमाणे ११ जूनच्या आसपास यावा. २०१९ मध्ये आला २५ जूनला, २०२५ मध्ये २६ मेला. महिनाभराचा फरक. काजव्यांच्या मागे लागणाऱ्यांना हा फरक फार महागात पडतो. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या बाजूला मेअखेरीपासून पहिल्या जोराच्या पावसापर्यंत काजवे असतात. झाडच्या झाड एका तालात विझतं आणि पेटतं. पाऊस नीट बसला की खेळ संपला. त्यामुळे महिनाभर आधी पैसे भरून काजवे "बुक" करणाऱ्यांची मला दया येते. त्यांच्या गर्दीची आणि हेडलाइटची काजव्यांना येत असेल, ती वेगळी.

माझा स्वतःचा आवडता काळ म्हणजे आर्द्रा लागल्यानंतरचे काही दिवस. माती नुकती मुरलेली असते, शेवाळं अजून धरायचं असतं, लावणी सुरू झालेली असते आणि घाटातला प्रत्येक ओहोळ पहिल्यांदाच धबधबा झाल्याच्या तोऱ्यात असतो. जुलै मध्यावर आला की मी प्रवासाच्या बाबतीत संन्यास घेते. लोणावळ्याच्या बाजूला शनिवारी गाड्यांची रांग, धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश, वरंधा घाट बंद झाल्याची दरवर्षीची बातमी. भोरहून महाडला जाणाऱ्याने मग ताम्हिणी तरी धरावा, नाहीतर महाबळेश्वरवरून आंबेनळी. इतकं करून खाली पोचावं, तर मासे नसतात. जून आणि जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. मालवणला जाऊन सुरमई मागितली की वेटर बर्फातली आणून देतो. किल्ल्यात जायची होडीही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावर ओढलेली. समुद्रकाठचा माणूस पावसात समुद्राकडे पाठ करून जाळी विणत बसतो आणि आपण मात्र नेमके तेव्हाच "सी फूड" खायला जातो!

रेल्वेने हे शहाणपण केव्हाच वेळापत्रकात छापून टाकलंय. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर चालायचं, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखूड केलं. त्या काळात गाड्या हळू धावतात. पाऊस फार झाला आणि पुढचं दिसेना, तर वेग ताशी चाळिसावर आणतात. रात्री कंदील घेऊन माणसं रूळ तपासत चालतात. गाडी मध्येच थांबली की आपण चडफडतो. त्याच वेळी बाहेर कुणीतरी इरल्याच्या जागी प्लास्टिक पांघरून कटिंगमधला दगड निरखत असतो.

मागची माणसं याहून सरळ वागायची. पावसाळ्यात प्रवासच नको, असा चातुर्मासाचा दंडक. बौद्ध भिक्खूही वर्षावासात एका जागी राहायचे. कार्ले-भाजे लेणी बघताना मला नेहमी वाटतं, घाटवाटेच्या इतक्या जवळ, दगडात कोरलेली, न गळणारी खोली, पावसाळी मुक्कामाला याहून चांगलं काय असणार? मग दसऱ्याला सीमोल्लंघन. वाटा वाळलेल्या, नद्या उतरलेल्या, घोड्याला गवत भरपूर. मोहिमेवर निघायचा मुहूर्त हवामानानेच काढून दिलेला. अपवाद वारकऱ्यांचा. ते मात्र ऐन पावसाच्या तोंडावर दिवे घाट चढतात. पण त्यांचा रस्ताही घाटमाथ्याकडून पावसाच्या छायेकडे जातो, हे लक्षात घ्यायला हवं. पंढरपूरला पोचेपर्यंत पाऊस मागे राहिलेला असतो.

न्यू जर्सीतल्या भाच्याला यातलं काही चालत नाही. त्याच्या मुलांची शाळा जूनअखेर सुटते आणि सप्टेंबरला भरते, म्हणजे त्याचा भारत कायम पावसाळीच. यंदा त्याने फेब्रुवारीतच विचारलं, "मावशी, कास बघायचंय, जुलैचा शेवटचा आठवडा चालेल?" म्हटलं, राजा, जुलैत कासला जाशील तर छत्री उलटी झालेली बघशील. फुलं ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरभर, तीही ऑनलाइन पास काढून, आणि आधी उघाडी मिळाली तर. नवरात्राच्या सुमाराला हस्त लागतो. 'पडेल हत्ती तर पडतील भिंती' म्हणतात तो पाऊस. तेव्हा सकाळी आभाळ निवळ असतं आणि दुपारी विजा कडाडतात, म्हणून फिरायचं ते जेवणाआधी. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "मग आम्ही काय बघायचं?" त्याला आंबोलीला पाठवलं. फुलांसाठी नव्हे, पाऊस बघायला. बेत असा केला की बेतात काहीच नव्हतं: एक घरगुती मुक्काम, एक टॉर्च, प्रत्येकाला बुटांचे दोन जोड आणि जुनी वर्तमानपत्रं. बुटात कोंबायला वर्तमानपत्राच्या तोडीचं अजून काही निघालेलं नाही.

तिथल्या काकूंनी चुलीवर तार बांधली होती. तारेवर एका टोकाला सोलं, दुसऱ्या टोकाला या अमेरिकन मुलांचे मोजे. "सकाळपर्यंत सुकतील, पण धुराचा वास येईल हां," म्हणाल्या. मुलांनी ते मोजे न धुता परत नेले म्हणे. पाऊस चारही दिवस थांबला नाही. बेडूक भरपूर दिसले, दरी एकदाही नाही. भाचा तक्रार करील असं वाटलं होतं, तर पुढच्या वर्षी त्याच खोलीचं विचारत होता.

एवढं सगळं सांगते खरी, पण वर्षातून एका प्रवासाला माझ्या सल्ल्याची कुणालाच गरज पडत नाही. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी पाऊस विचारत नाही. गणपती २०२० सारखा २२ ऑगस्टला आला काय आणि २०२३ सारखा १९ सप्टेंबरला आला काय, त्याला साठ दिवस आधी उघडणाऱ्या आरक्षणात गाडी मिळाली की झालं. नाही मिळाली तर एसटी, तीही नाही तर महामार्गाचे खड्डे मोजत टेम्पो. लाल, नारिंगी, पिवळा, कुठलाही इशारा असो, चतुर्थीच्या आदल्या रात्री माणूस घरी पोचतोच. मुंबईहून दीर-जावांचे फोन येतात तेव्हा सासूबाई पावसाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एवढंच सांगतात, "दुर्वा-फुलं आणू नका, इथे आहेत. येताना टॉवेल आणा, आमचा एकही सुकलेला नाही."