पान्याला पाणी

आमच्या लेथच्या (धातू कातायच्या यंत्राच्या) टेलस्टॉकचा, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला टेकू देणाऱ्या भागाचा, नट २३.३७ मिलिमीटरचा आहे. हा आकडा वाचून ज्याच्या कपाळाला आठी पडली, तो आपला माणूस. बाकीच्यांसाठी सांगते. दुकानात २३ चा पाना मिळतो, तो नटावर चढत नाही. २४ चा मिळतो, तो चढतो पण डुगडुगतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन सटकतो. सटकला की बोटांची सालटं लेथच्या बेडवर. अण्णांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर त्याची कायमची खूण होती. माझ्या हातावर ती उठायच्या आत मी स्वतःचा पाना करायला घेतला. त्या एका पान्यासाठी तीन पाने करावे लागले, त्याची ही हकिकत.

लेथ अण्णांचा. १९७४ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या शेडमधून त्यांनी तो जुना घेतला. साडेचार फुटी, बिलायती, नावाची पाटी कधीच पडलेली. अण्णा गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. मी तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवला. दिवसभर पतसंस्थेत खतावण्या बघायच्या आणि संध्याकाळी बुश, पिनी, कुणाच्या शिलाई मशीनचा एखादा स्क्रू, असं काहीबाही करायचं.

बिलायती लेथ म्हणजे व्हिटवर्थची मापं. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली ५५ अंशांचा आटा ठरवून दिला आणि निम्म्या जगाचे नट-बोल्ट त्या मापात आले. आपल्याकडं मिलिमीटर येऊन साठ वर्षं झाली तरी उद्यमनगरात अजून ‘चार सुताचा बोल्ट’ म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच. गंमत अशी की व्हिटवर्थच्या पान्यावर १/२ लिहिलेलं असतं, पण त्याचा जबडा अर्धा इंच नसतो. अर्धा इंच बोल्टाचा व्यास. त्या बोल्टाच्या नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर ०.९२० इंच. मिलिमीटरमध्ये २३.३७. असंच दोन सुताच्या बोल्टाला १३.३४ आणि तीन सुताच्याला १८.०३. यातल्या शेवटच्यावर १८ चा पाना जेमतेम जातो, तेवढंच सुख. त्यात दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला इंग्रजांनी बोल्टांची डोकी एक माप लहान केली. मागं कधीतरी बदललेला एखादा बोल्ट निघाला, तर आटा तोच पण पाना वेगळा. आमच्या लेथवर असे दोन आहेत. अण्णा त्यांना ‘सावत्र’ म्हणायचे.

भंगारवाल्यांकडं जुने व्हिटवर्थ पाने मिळतात. मला दोन आणि अडीच सुताचे मिळाले. चार सुताचा काही मिळेना.

पहिला पाना केला १० मिलिमीटर जाडीच्या साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) पट्टीतून. पट्टी घासून चकचकीत केली, वर मोरचुदाचं पाणी फिरवलं. तांब्याचा लालसर थर धरतो आणि त्यावर ओढलेली रेघ केसाएवढी बारीक असली तरी दिसते. अण्णांची पद्धत. तळाला १२ ची भोकं शेजारी शेजारी पाडली, करवतीनं दोन्ही बाजू कापल्या, मधला तुकडा पाडला आणि मग कानस. जबड्याच्या तळात काटकोनी कोपरा ठेवायचा नाही, तिथूनच तडा जातो. म्हणून भोकाची गोलाई तशीच राखायची. नट झिजलेला होता, व्हर्नियरनं २३.२५ आला. जबडा २३.४ ला थांबवला. शेवटची दोन दशांश काढायला अख्खी संध्याकाळ गेली. दर दहा हातांनी नटावर लावून बघायचं, कुठं चमकतंय ते बघायचं, तेवढंच घासायचं.

पाना नटावर असा बसला की हलवला तरी आवाज नाही. मी खूश. मग फिरवायला गेले, तर एका बाजूला टेलस्टॉकचं धूड आणि दुसऱ्या बाजूला कंपाउंड स्लाइडची (हत्यार सरकवणाऱ्या भागाची) मूठ. मध्ये फिरायला जागा असेल ४० अंशांची. आता नटाला सहा बाजू, म्हणजे सरळ जबड्याचा पाना काढून परत घालायचा तर निदान ६० अंश फिरायला हवा. इतका नेटका पाना, पण कामाचा शून्य.

दुकानातल्या पान्याचं तोंड थोडं तिरकं का असतं हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, दिसायला बरं म्हणून असेल. ते १५ अंश तिरकं असतं. एकदा फिरवायचा, काढून पालथा घालायचा, परत फिरवायचा. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा मिळून तीस अंशांची जागा पुरते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे कळलं. तेव्हापासून मी आधी पुठ्ठ्याचा पाना कापते. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा उत्तम.

दुसरा पाना तिरक्या तोंडाचा आणि ट्रकच्या कमानपाट्यातून. कमानपाटा कडक असतो, कानस त्यावरून नुसती घसरते. तो कोळशाच्या भट्टीत लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवावा लागतो, म्हणजे सकाळी मऊ मिळतो. इथवर सगळं नीट केलं. मग जबडा घासून झाल्यावर मला हौस आली की एवढं चांगलं पोलाद आहे, तर याला पाणी पाजू, म्हणजे तापवून विझवून कडक करू.

चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवला, म्हणजे साधारण ७७० अंश, मग आणखी थोडा. आणि बुडवला. हे पोलाद तेलात विझवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. विझवल्यावर काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून परत हलकं तापवून आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि स्प्रिंगसाठी निळा रंग चढेपर्यंत कडकपणा उतरवायचा असतो, हेही ठाऊक होतं. पण पाण्याची बादली पायाशी होती आणि तेलाचा डबा शेडच्या दुसऱ्या टोकाला. बुडवताना ‘टिक’ असा बारीक आवाज आला. मला वाटलं, बादली वाजली.

आठवड्यानं वापरायला काढला. तिसऱ्यांदा आवळताना जबड्याचा एक पाय तुटला आणि पत्र्यावर जाऊन आदळला. तुटलेला तुकडा शोधून उजेडात धरला. आतला भाग करडा, बारीक दाण्याचा, ताजा. आणि आतल्या कोपऱ्याला नखाएवढा भाग तांबूस गंजलेला. म्हणजे तडा बादलीतच गेला होता आणि तेव्हापासून आत पाणी मुरत होतं. तो तुकडा मी अजून खिडकीत ठेवलाय.

अण्णांकडं तीस वर्षं काम केलेले बापूकाका त्या संध्याकाळी आले होते. तुकडा हातात घेऊन म्हणाले, “ताई, पान्याला पाणी कशाला पाजायलीयास? कानस, छिन्नी, टॅप, ज्यानं कापायचंय त्याला पाणी. ह्यानं नुसतं धरायचंय.”

तिसरा पाना त्याच कमानपाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून, राखेतून निघाला तसा मऊच ठेवून. चार वर्षं झाली. जबडा एक दशांशसुद्धा फाकलेला नाही.

याची मूठ मुद्दाम आखूड ठेवली, १६० मिलिमीटर. अण्णा २४ च्या पान्यावर पाइप चढवून आवळायचे. हाताचा जोर वीस किलो धरला तर ६० सेंटिमीटरच्या पाइपावर तो बारा किलोमीटर... चुकले, बारा किलोग्रॅम-मीटर होतो. माझ्या मुठीवर तोच जोर तीनाच्या थोडा वर. त्या पाइपानं बोल्ट इतका ताणला गेला होता की आट्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसायचं. नवा बोल्ट मी त्याच लेथवर कापला. पाना आखूड असला की मी कितीही चिडलेली असले तरी बोल्ट सुरक्षित राहतो.

मग चटकच लागली. दुसरं काम चकच्या, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या भागाच्या, चावीचं. चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं की ती गोळीसारखी सुटते. अण्णांच्या शेजारच्या एका शेडमध्ये तिनं ट्यूबलाइट फोडली होती, आणि खाली उभ्या पोराचं डोकं वीतभरानं वाचलं होतं. अण्णांचा दंडक होता, चावी हातात नाहीतर खिळ्यावर. मला माझ्या स्वभावावर तेवढा भरवसा नाही. म्हणून ईएन ८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) सळीतून नवी चावी केली, चौकोनी टोकावर सरकती बाही आणि मागं स्प्रिंग. हात सोडला की स्प्रिंग चावीला बाहेर ढकलते, चावी खाली ट्रेमध्ये पडते. चौकोन ९.५ चा. त्याचा कर्ण १३.४ येतो, पण सळी मी १३ लाच उतरवली, म्हणजे कोपरे आपोआप जरा मारलेले मिळाले आणि चकच्या भोकात अडकले नाहीत. पहिली स्प्रिंग इतकी दणकट निघाली की चार जॉब केले आणि मनगट धरलं. चार वेढे कापले तेव्हा जमलं. बापूकाकांना ही चावी अजिबात पसंत नाही. दर वेळी खाली पडते म्हणून चिडतात. पडण्यासाठीच केलीय, हे सांगून मी दमले.

ईआर ३२ कोलेटच्या (जॉब किंवा हत्यार आवळून धरणाऱ्या चिरलेल्या बाहीच्या) नटाचा पाना मात्र एका दुपारचं काम. नट बाहेरून ५० मिलिमीटर, कडेला सहा खाचा. कोलेट चकबरोबर जो पाना आला होता तो पत्र्यातून ठोकलेला, दोन महिन्यांत त्याचा दात मुडपला. ८ मिलिमीटर प्लेटमधून अर्धी कडी कापली आणि टोकाला खाचेत बसेल असा दात ठेवला. याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पान्यांवर नंबर मारायचे तर माझ्याकडं इंग्रजी अक्षरांचेच पंच आहेत, आणि १/२ बघून मला आजही अर्धा इंच आठवतो. म्हणून सेंटर पंचानं ठिपके मारले. टेलस्टॉकचा पाना तीन ठिपके, आणि टेलस्टॉकवर नटाशेजारीही तीन ठिपके. भाचा सुट्टीत आला होता, तो न विचारता बरोबर पाना उचलतो.

सगळ्यात भाव खाऊन गेला तो बॉक्स पाना. बेसिनखाली नळाचा जो नट असतो, तिथं हात जातो पण पाना जात नाही. जीआय पाइप घेणार होते, तर बापूकाका ओरडले. त्यावर जस्त असतं, तापवलं की धूर विषारी. साधा काळा पाइप आणला, टोक लालभडक केलं आणि नळाचा नट पितळी म्हणून तेवढ्याच मापाचा लोखंडी षटकोन आत घालून बाहेरून सहा बाजूंनी हातोडीनं बसवलं. थंड झाल्यावर षटकोन ठोकून काढायला मात्र पाऊण तास गेला. आधी जरा तेल-ग्रॅफाइट चोपडायला हवं होतं. दुसऱ्या टोकाला आडवं भोक आणि त्यात सळी.

आमच्या बेसिनचा नळ त्यानं दोन मिनिटांत सुटला. ही बातमी गल्लीत कशी गेली माहीत नाही, पण आता लोक मला लेथवाली म्हणून नाही, नळवाली म्हणून ओळखतात. दिवाळीच्या आधी समोरच्या वहिनी तो पाना घेऊन गेल्या. त्यांच्याकडून त्यांच्या जावेकडं गेला, जावेकडून इचलकरंजीला. त्यावर पाच ठिपके आहेत. कुणाला दिसला तर कळवा, षटकोन माझ्याकडं आहे, पण तो पाऊण तास परत नको.