एक ऑगस्टचं शेजार

दिनविशेष वाचायची खोड एकदा लागली की सुटत नाही. आधी तो रेडिओवर ऐकू यायचा, मग पेपरच्या कोपऱ्यात दिसायचा, आता सकाळी सातच्या आत कुणीतरी काका अख्खी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात, खाली गुलाबाच्या फुलासकट. क्रम ठरलेला: घटना, जन्म, मृत्यू. सनावळीप्रमाणे माणसं एकाखाली एक उभी. तारीख म्हणजे चाळच म्हणा ना. शेजारी कोण राहायला येणार, हे भाडेकरूच्या हातात नसतं.

मला १ ऑगस्टची चाळ विशेष आवडते. पहिल्या काही खोल्यांत परदेशी बिऱ्हाडं आहेत. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली इंग्लंडात भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं तांबडं भस्म तापवतो आहे. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भगभगून जळते, तो चक्रावतो. तो ऑक्सिजन होता. १९१४ मध्ये जर्मनी रशियाविरुद्ध युद्ध पुकारते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन, हिटलरच्या तोंडून. (याच स्पर्धेतला हॉकीचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असं लोळवलं. ती तारीख निघाली १५ ऑगस्ट! योगायोगाला सवड असली की तो असले उद्योग करतो.) १९४४ साली याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता वॉर्सा शहर नाझींविरुद्ध उठलं. आजही तिथे दर १ ऑगस्टला पाचच्या ठोक्याला भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या, ट्रामा असतील तिथे मिनिटभर थांबतात. दिवस पाळणं म्हणतात ते हे. नाहीतर आपण, मेसेज पुढे ढकलला की पाळला दिवस.

तरी आपल्याकडेही १ ऑगस्ट चुकत नाही, याचं श्रेय शाळांना. टेबलावर चादर, चादरीवर दोन तसबिरी, दोन हार. एक टिळकांची, पगडीवाली. दुसरी अण्णा भाऊ साठ्यांची. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि लोकशाहिरांची जयंती, सालही एकच, १९२०. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' म्हणत पहिलीतला कुणीतरी चिमुरडा शेंगांच्या टरफलांची गोष्ट एका दमात सांगून पळतो. मग पाचवीतली मुलगी अण्णा भाऊ वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला पायी कसे गेले ते सांगते. शेवटी प्रमुख पाहुणे उठतात आणि त्यांना मोह आवरत नाही: 'एक सूर्य मावळला आणि त्याच दिवशी दुसरा उगवला!' टाळ्या.

मला हे वाक्य कधी पचलं नाही. टिळक गेले तेव्हा सुरू होणारा दिवस मध्यरात्र ओलांडून तासभरही पुढे सरकला नव्हता. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात तो श्वास तासभर आधी थांबता, तर पुण्यतिथी ३१ जुलैला पडली असती, तसबिरी वेगवेगळ्या दिवशी लागल्या असत्या आणि पाहुण्यांचा सूर्य वाया गेला असता. आणि तिकडे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यातल्या त्या घरात, मुंबईत कोण गेलं याची खबर त्या दिवशी कशाला पोचते!

मुंबईत मात्र पाऊस आणि माणसांचा महापूर. सोनापूरच्या स्मशानात न नेता गिरगाव चौपाटीच्या वाळूवर दहन झालं. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते. असहकाराचा आरंभ म्हणून हीच तारीख आधीच मुक्रर झालेली. गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत करत असल्याचं व्हाइसरॉयला कळवलं, त्या पत्रावरही १ ऑगस्टच आहे. इतकं सगळं एका दिवसात मावतं कसं, असा प्रश्न पडतो. दिनविशेषात ते तीन ओळींत मावतं.

दोन तसबिरींचं एकमेकींशी खरं नातं शोधायचं तर तारीख सोडून गिरणगावात जावं लागतं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस असा हिशेब धरून. गोळीबार झाला, माणसं मेली, तरी संप झाला. पुढे त्याच वस्तीत पोटासाठी आलेला तुकाराम भाऊराव साठे नावाचा पोरगा मिळेल ते काम करतो, गिरणीतही राबतो, अक्षरं गिरवतो आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करतो. त्याच कामगारांच्या मैदानांवर. ज्यांनी टिळकांसाठी भोंगे झुगारले, त्यांच्या मुलांनी अण्णा भाऊंच्या लावण्या-छक्कडींवर ताल धरला असणार. हे कुठल्याही यादीत येत नाही, कारण याला तारीख नाही.

यादीत येतो कोण? ज्याची तारीख कुणीतरी लिहून ठेवली तो. आपल्याकडे एका पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसायची. मास्तर दाखल्यावर लिहून मोकळे व्हायचे. आज निवृत्तीच्या समारंभात एकेका कचेरीत ३१ मेला निम्मा मजला रिकामा होतो, तो त्या मास्तरांच्या कृपेने.

कचेरीवरून आठवलं. १ ऑगस्ट हा आपल्या सरकारी पंचांगात महसूल दिन. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. त्या दिवशी तलाठ्यांचे, कोतवालांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ देतात. २०२३ पासून तर अख्खा महसूल सप्ताहच असतो. एरवी फेरफार नोंदीसाठी आपल्याला चार हेलपाटे घालायला लावणारा माणूस त्या दिवशी फोटोत इतका निरागस हसतो की राग टिकत नाही. मीनाकुमारीचा जन्मही १ ऑगस्टचाच आणि मृत्यू ३१ मार्चचा. महसुली वर्षाच्या पहिल्या दिवशी येऊन आर्थिक वर्षाच्या अखेरीस गेली. तिच्या वाट्याला आलेलं दुःख मात्र कुठल्याच वहीत नीट जमा झालं नाही.

या चाळीतला माझा सर्वांत लाडका भाडेकरू अजून राहिलाच. भगवान आबाजी पालव. भगवानदादा. जन्म १ ऑगस्ट १९१३, बाप गिरणी कामगार. पुन्हा गिरणी आलीच. मूकपटांपासून सुरुवात केली, मारधाडीचे स्वस्त बोलपट काढले आणि १९५१ मध्ये गीता बालीला घेऊन, सी. रामचंद्रांचं संगीत घेऊन 'अलबेला' काढला. एक पाय जरासा उचलून, खांदे हलके झुलवत, गुडघ्याला फार त्रास न देता केलेला तो नाच. ज्याला नाचता येत नाही त्यालाही येतो, हे त्याचं मोठेपण. पुढे पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा दादरच्या चाळीत परतले आणि २००२ मध्ये तिथेच गेले.

शाळेच्या टेबलावर त्यांची तसबीर कुणी ठेवत नाही. ठेवावी असं माझं फार मनापासूनचं मत आहे. टिळकांनी गणपती चौकात आणला. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा कडकडला की महाराष्ट्राचे पाय जे करतात, ते बहुतांशी भगवानदादांचं. दादरकर सांगतात, गणपती दादांच्या चाळीसमोर आला की पुढे हलायचाच नाही. म्हातारे दादा खाली उतरणार, दोन पावलं नाचणार, मग पोरं ओरडणार आणि ट्रक पहिला गिअर टाकणार.