बूट गळ्यात

"काका, आमखास मैदान इकडूनच ना?" छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या गेटवर दोन पोरं, तेरा-चौदाची असतील, बदनापूरहून एसटीनं आलेली, फुटबॉलचे बूट लेसनं बांधून गळ्यात अन् पायात चपला.

रिक्षा करून देतो म्हणलं तर नकोच म्हणाले. मग मीच सोबत निघालो, मिल कॉर्नर, भडकल गेट, ऊन तर असलं की विचारू नका.

बूट घाला की रे, म्हणलं. "डांबरावर बुटाखालचे स्टड झिजतेत काका."

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. मुंबईची पोरं चर्चगेटला लोकलमधून उतरून चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर पोचतात, अन् आपली एका मॅचसाठी सकाळपासून घराबाहेर.

निघताना एकानं विचारलं, मॅच एक्स्ट्रा टाइमला गेली तर गाडी सापडंल का?

तुमच्या गावातली पोरं कशी जातात हो ग्राउंडवर?