आज पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) ऑनलाइन आला!
सकाळपासून भोसरीत एका पॅकिंग मशीनच्या पॅनलसमोर बसलेलो, डेल्टा कंपनीचा छोटा डीव्हीपी पीएलसी, लॅपटॉपवर त्याचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि कम्युनिकेशन काही केल्या होईना, केबल बदलली, 24 व्होल्ट चेक केले, सगळं ओके. मग डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर केबलचा यूएसबी कन्व्हर्टर कॉम 7 पोर्टवर आणि सॉफ्टवेअरमध्ये कॉम 1! ते बदललं, कम्युनिकेशन सेटिंग म्हणजे स्पीड 9600, 7 बिट, इव्हन पॅरिटी, 1 स्टॉप बिट, स्टेशन 1 ठेवलं आणि झाला की कनेक्ट! सगळ्यात आधी जुना प्रोग्राम पीएलसीमधून लॅपटॉपवर अपलोड करून सेव्ह केला, नवीन पोरांनो हे कधीच विसरू नका, तो गेला तर मशीन बंद पडतं. मग टायमर के20 चा के30 केला, एक आकडा 0.1 सेकंदाचा, म्हणजे 2 चे 3 सेकंद, रन मोडला टाकलं आणि वाय0 या आउटपुटचा लाइट लागला तेव्हा इतकं भारी वाटलं ना! ऑपरेटर काकांनी लगेच चहा मागवला.