सोमवारच्या पहिल्या खेळाचे अहवाल

एकांकिका स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करतो आहे. संहितेला इतके, अभिनयाला इतके, नेपथ्य-प्रकाशाला इतके असे रकाने भरताना एक गोष्ट नेहमी टोचायची. प्रयोग रंगला की पडला आणि का, हे त्या बेरजेत कुठे दिसतच नाही. दुसरीकडे लोक परीक्षण कसं लिहीत असत ते शोधता शोधता मी अमेरिकेतल्या व्होडव्हिलपर्यंत जाऊन पोहोचलो. कीथ-अल्बी या नाट्यगृहांच्या कंपनीतले मॅनेजर दर आठवड्याला आपल्याकडच्या प्रत्येक आयटमवर अहवाल लिहीत. १९०२ ते १९२३ या काळातले हे अहवाल आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत आणि स्कॅन केलेली पानं घरबसल्या वाचता येतात. मी वाचायला लागलो आणि त्यात पार गुंतून गेलो.

ज्यांना व्होडव्हिल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका तिकिटात आठ-नऊ वेगवेगळे प्रकार: कसरतपटू, गाणारी जोडी, शिकवलेले कुत्रे, जादूगार, विनोदी संवाद, छोटंसं नाटक. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. बेंजामिन फ्रँकलिन कीथ यांनी १८८५ मध्ये बॉस्टनला सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारे खेळ सुरू केले आणि बायकामुलांना घेऊन यावं असं स्वच्छ करमणुकीचं ठिकाण म्हणून नाव कमावलं. एडवर्ड अल्बी हे त्यांचे भागीदार. पुढे बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशी नाट्यगृहांची साखळीच झाली.

अहवालाचं पान उघडलं की वर शहर आणि आठवड्याची तारीख. खाली कार्यक्रमाच्या क्रमाने कलाकारांची नावं, प्रत्येकापुढे मिनिटं, रंगमंच किती लागला त्याची नोंद आणि दोन-चार ओळींचा शेरा. सुरुवातीला मी फक्त शेरे वाचत होतो. ते आखूड आणि बरेचसे एकसारखे: चांगला गेला, शेवटाला टाळ्या जोरात, सुरुवात संथ. त्यातून हाती फारसं लागेना. मग मिनिटं आणि रंगमंचाच्या नोंदी शेऱ्यांसोबत वाचायला लागलो आणि चित्र उघडू लागलं.

‘इन वन’ अशी नोंद वारंवार येते. म्हणजे सगळ्यांत पुढच्या पडद्यासमोरची अरुंद पट्टी. एखादा विनोदी नट तिथे उभा राहून बोलतो, तेव्हा त्याच्या मागे पडद्याआड पुढच्या आयटमचा सेट लावण्याची धांदल सुरू असते. त्याने लवकर आटोपतं घेतलं, तर सेट अर्धवट आणि प्रेक्षक ताटकळत. म्हणून त्याची मिनिटं मॅनेजरला महत्त्वाची. ‘फुल स्टेज’ लागणारे दोन आयटम पाठोपाठ लावणं मोठं अवघड, मध्ये पट्टीवरचा कुणीतरी हवाच. एखादा गायक सामान्य असूनही त्याला काम का मिळत राहतं, याचं उत्तर मला कितीदा तरी या रकान्यातच सापडलं.

क्रमाचंही तसंच. १९१० च्या दशकापर्यंत नऊ आयटमची एक रीत चांगली बसली होती. पहिल्या जागेवर कसरत किंवा प्राणी, म्हणजे न बोलता होणारं काहीतरी, कारण लोक अजून येत असतात, खुर्च्या शोधत असतात आणि संवाद कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या जागेवर गाणं-नाच. मध्यंतराच्या आधी एक जबरदस्त आयटम, ज्याची चर्चा लोकांनी बाहेर करावी. मध्यंतरानंतर पुन्हा पकड घ्यायची. शेवटून दुसरी जागा सगळ्यांत मानाची, कारण तिथे ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो येतो. शेवटी डोळ्यांना सुखावणारं मोठं दृश्य, कारण तोवर काही लोक उठायला लागलेले असतात. हे एकदा डोक्यात बसलं की ‘पहिल्या जागेला चांगला’ हा शेरा तुच्छतेचा वाटेनासा होतो. त्या जागेवर जे काम करायचं असतं ते याने चोख केलं, असं मॅनेजर सांगत असतो. आमच्या स्पर्धेत सकाळी पहिली एकांकिका सादर करणाऱ्या मुलांना आम्ही रात्रीच्या भरगच्च सभागृहात खेळणाऱ्या मुलांच्याच फूटपट्टीने मोजतो. हा अन्याय मला इतका स्पष्ट याआधी कधी दिसला नव्हता.

हे सगळं सोमवारी घडायचं. कलाकार आदल्या गावाहून रेल्वेने येत, सकाळी वादकांना आपल्या चाली समजावत आणि दुपारी पहिला खेळ. मॅनेजर तो पाहून लिहायचा. कुणाची जागा बदलायची, कुणाची दोन मिनिटं कमी करायची, कुठलं वाक्य गाळायचं ते तिथेच ठरे. शिवराळ शब्द आणि सूचक हावभाव कीथच्या नाट्यगृहात चालत नसत, त्यामुळे कापाकापीच्या नोंदीही सापडतात. अहवाल पुढे बुकिंग कचेरीकडे आणि साखळीतल्या इतर मॅनेजरांकडे जात. १९०६ मध्ये न्यूयॉर्कला युनायटेड बुकिंग ऑफिस उभं राहिल्यावर तर पूर्वेकडच्या मोठ्या नाट्यगृहांतलं काम त्याच दारातून मिळू लागलं, आणि कलाकाराच्या पगारातून पाच टक्के दलाली कापली जाई. पहिल्या खेळानंतर करार रद्द करण्याचीही सोय मॅनेजरांनी करारातच ठेवलेली असे. दलाली आणि असल्या अटी त्याआधीपासूनच होत्या; त्यांच्याविरुद्ध कलाकारांनी ‘व्हाइट रॅट्स’ ही संघटना १९०० मध्येच काढली होती, १९०१ मध्ये संपही केला होता. हे ठाऊक झाल्यावर चार ओळींचा शेरा वाचताना हात थबकतो. त्या ओळींवर कुणाचा तरी पुढचा सगळा हंगाम अवलंबून होता.

नंतर मी वाचायची पद्धत बदलली. आठवड्यामागून आठवडा वाचणं सोडलं आणि एकेक आयटम धरून त्याच्या मागोमाग शहरं फिरायला लागलो. एका वहीत नाव, शहर, तारीख, जागा, मिनिटं, शेरा असं मांडत गेलो. तेव्हा खरी मजा कळली. एका शहरात मध्यंतराआधी ठेवलेला आयटम दुसरीकडे तिसऱ्या जागेवर घसरतो, मिनिटं कमी होतात आणि मग शेरा सुधारतो. प्रॉव्हिडन्सचे मॅनेजर चार्ल्स लोव्हनबर्ग एक म्हणतात, बॉस्टनचा मॅनेजर दुसरंच म्हणतो. तरीही दोघं आपापल्या प्रेक्षकांबद्दल खरं बोलत असतात, कारण शहर बदललं की हशाही बदलतो. मला सगळ्यांत भावले ते असे शेरे, ज्यांत मॅनेजर सरळ लिहितो की मला हे रुचलं नाही, पण लोकांनी डोक्यावर घेतलं. स्वतःची आवड एका बाजूला आणि सभागृहात घडलेलं दुसऱ्या बाजूला, दोन्ही नोंदवलेलं. परीक्षकाच्या खुर्चीत बसून हे करणं किती कठीण आहे ते मला चांगलंच माहीत आहे.

काही पानं मात्र वाचवत नाहीत. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे आयटम तेव्हा सर्रास होते. ज्यू, आयरिश, जर्मन लोकांची टिंगलही तशीच. मॅनेजरही त्याच अपमानकारक शब्दांत लिहून जातात, अगदी सहज. खऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या कामाचं कौतुकही त्याच शब्दांत केलेलं दिसतं. वहीत उतरवून घेताना मी ते शब्द वगळले नाहीत. वगळले असते तर तो निवाडा कुठल्या नजरेने झाला तेच झाकलं गेलं असतं, आणि बर्ट विल्यम्ससारख्या कृष्णवर्णीय विनोदी नटाला कशाकशातून वाट काढावी लागली हेही.

कार्यक्रमाच्या शेवटी बहुतेकदा हलत्या चित्रांचा एक तुकडा असे. मॅनेजर त्यातल्या फिती एकेक करून नोंदवतात, कुठली आवडली, कुठली नाही. न्यूयॉर्कमध्ये कीथच्या युनियन स्क्वेअर नाट्यगृहात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा २९ जून १८९६ ला दाखवला गेला आणि ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. अवघ्या आठ दिवसांचं अंतर! पुढे याच चित्रांनी व्होडव्हिल गिळलं. १९२८ मध्ये कीथ-अल्बी-ऑर्फियम कंपनी आरकेओ या चित्रपट कंपनीत विरून गेली. पण या पानांवर सिनेमा अजून लोक उठून जातानाचा आयटम आहे.

आता स्पर्धेला बसलो की गुणांच्या कागदामागे मी चार नोंदी करतो: कितवा प्रयोग, किती मिनिटं, सभागृह किती भरलेलं, हशा आणि शांतता कुठे आली. निकालानंतर मुलं भेटायला येतात तेव्हा आकड्यांपेक्षा याच नोंदींवर जास्त वेळ बोलणं होतं. एका दिग्दर्शक मुलीने तर त्या नोंदी पाहून पुढच्या फेरीआधी मधला एक प्रवेश अर्धा केला.

ज्यांना हे अहवाल वाचायचे असतील त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. एखादा कसरतपटू किंवा गाणारी जोडी निवडा, एकाच हंगामात ते कुठकुठे गेले ते शोधा आणि शेरा वाचण्याआधी मिनिटांचा रकाना बघा.