खुकुरीच्या मुठीआडचा गंज

भाद्रपदात एक खुकुरी, म्हणजे गोरख्यांची कुकरी, दुरुस्तीला आली. नेपाळच्या भोजपूरची, पातं अकरा इंचाचं, मूठ लाकडी, आणि पितळी कड्यापासून खाली केसाएवढी चीर. मालक गोरखा पलटणीतले निवृत्त हवालदार. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तशी त्यांच्याकडे दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, नवमीला; त्याआधी ती हवी होती. "दोनदा चिकटवून घेतली, तरी हलतेच," एवढंच ते म्हणाले.

खुकुरी हलायला लागली की बहुतेक जण फटीत एपॉक्सी ओततात. मला ते अजिबात पटत नाही, आणि का ते या मुठीत स्पष्ट दिसलं. खुकुरीची मूठ, म्हणजे नेपाळीत बिंड, ही बदलता यावी अशीच बसवलेली असते. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाते, मागे चाप्री नावाच्या पितळी टोपीवर ठोकून तिचं डोकं पसरवतात, आणि आतली पोकळी लाहाने भरतात. लाहा म्हणजे राळेचं मिश्रण. ऊब दिली की सुटतं, गार झालं की धरतं. (पानावल प्रकारात पोलादाची पट्टी मुठीएवढी रुंद असते आणि दोन फळ्या रिपिटांनी बसवतात. ते काम निराळं.)

आधी पात्याला जाड कागद आणि चिकटपट्टी गुंडाळली. मग चाप्रीवरचं ठोकलेलं डोकं कानशीने घासून सपाट केलं आणि चाप्री उचलली. यात शेपटी दोन-तीन मिलिमीटर आखूड होते. नवा ठोकळा तेवढाच आखूड धरावा लागतो, नाहीतर शेवटी ठोकायला पोलादच उरत नाही.

मूठ कड्यापर्यंत उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं धरली. जुनी राळ मऊ होऊन मागच्या भोकातून पाझरली, पण मूठ जागची हलली नाही. वर एपॉक्सीचा गळपट्टा बसला होता. शेवटी लाकूड लांबीत करवतीने कापलं, पोलादाच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबलो आणि पटाशीने फोडलं.

एपॉक्सी जुन्या राळेच्या भुकटीवर बसलं होतं, पोलादाला धरलंच नव्हतं. त्याच्याखाली पोकळी होती. चिरेतून पाणी आत जायचं, आणि वरून बुजवल्यामुळे वाळायचं नाही. नेमका कांजोखाली, म्हणजे पुढच्या पितळी कड्याखाली, शेपटीचा मानेजवळचा भाग गंजून आठ मिलिमीटरचा सहावर आला होता. घाव घालताना सगळा ताण इथेच येतो. इथे तुटली तर पातं समोरच्या माणसाकडे उडतं.

म्हणून नवं लाकूड हातात घेण्याआधी शेपटीला तडा आहे का ते तपासलं. तारेच्या ब्रशने गंज काढला, स्पिरिटने राळ पुसली, मानेवर रॉकेल लावून दहा मिनिटं ठेवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. तडा असता तर आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळसर रेघ उमटली असती. उमटली नाही. सहा मिलिमीटरचं अखंड पोलाद पुरेसं आहे, असं ठरवून पुढे गेलो.

लाकूड शिसवीचंच घेतलं. नेपाळमध्ये हेच झाड सतिसाल म्हणून ओळखतात. पूर्ण वाळलेला तुकडा, रेषा लांबीत. आधी सहा मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं, मानेकडे शेजारी आणखी दोन. उरलेला आकार जाळून काढायचा असतो. पण खुद्द शेपटी लाल करून घुसवू नका. उष्णता पात्याकडे चढते आणि मुळाशी धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. शेपटीच्या मापाचा साध्या लोखंडाचा डमी घासून घेतला, तो तापवून दोन-तीन सेकंद आत, लगेच बाहेर, असं सात-आठ वेळा केलं. आतली काजळी खरवडून काढली, कारण राळ लाकडाला धरते, काजळीला नाही.

मिश्रण वजनाने: राळ चार भाग, चाळलेली विटेची पूड दोन, मधमाश्यांचं मेण अर्धा. जाड लोखंडी पळीत मंद आचेवर, कारण ज्वाळा लागली तर राळ पेटते. थेंब थंड फरशीवर पाडून नख दाबलं. काचेसारखा फुटला, म्हणून चिमूटभर मेण वाढवलं. नखाचा वळ उमटला असता तर राळ वाढवली असती.

पात्याला ओलं फडकं गुंडाळून शेपटी हॉट एअर गनने गरम केली, बोट टेकवत नाही इतपत. गार शेपटीवर राळ टेकताच गोठते, आत पोकळी राहते आणि सगळं मुसळ केरात. दोन तृतीयांश भोक भरलं, कांजो चढवून शेपटी दाबली. दोन्ही टोकांनी राळ बाहेर आली, म्हणजे आत हवा नाही. राळ मऊ आहे तोवर धारेच्या रेषेत डोळा लावून मूठ सरळ केली. यासाठी जेमतेम अर्धं मिनिट मिळतं.

दुसऱ्या दिवशी चाप्री बसवून वर आलेलं तीन मिलिमीटर पोलाद गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच पसरवलं. जोरात ठोकलं की लाकूड मागून फुटतं. मग मरफा (लाकडाची खरखरीत कानस), कानस, काचपेपर. मधलं वळं, मागचा फुगवटा. जवसाच्या तेलाचे तीन हात, रोज एक, आणि प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसून.

वाळक्या बांबूवर पंधरा घाव घालून कांजो आणि लाकडामधल्या सांध्यावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. हवालदारांना देताना एवढंच सांगितलं, की पावसाळ्यात ती दापात, म्हणजे म्यानात, ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. पात्याला तेल लावून कपड्यात गुंडाळा, आणि मूठ पुन्हा कधी हलली तर फटीत काहीही न ओतता तशीच घेऊन या.